न पुरवलेला शब्द

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईघर होतं आणि धुलाईघरावर तिची सत्ता होती. धुण्याचे सहा मोठे ड्रम, कपडे सुकवायची दोन यंत्रं, एका बाजूने ओली चादर घातली की दुसऱ्या बाजूने कडक बाहेर काढणारा इस्त्रीचा लांबलचक रूळ, आणि अकरा बायका. एवढ्या घरघराटात कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सोयच नव्हती. त्यामुळे बावीस वर्षांत तिला एक खोड लागली होती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं ती स्वतःच बोलून टाकी. "बाई, तिसऱ्या मजल्यावरची..." एवढं कानावर पडलं की ही म्हणे, "अंथरुणं बदलायचीत. पाठवते चादरी." दहापैकी नऊ वेळा तिचं बरोबर निघे. दहाव्या वेळी मात्र तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट अडकली होती आणि आत एक माणूस होता. वर चाळीस चादरी गेल्या आणि तो माणूस पाऊण तास आतच बसून राहिला. तेव्हापासून तिचं नाव पडलं घाईबाई. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणत, की तिला ते यंत्रांच्या आवाजातही ऐकू येई.

तिला त्याचा राग नव्हता. घाई केली म्हणून तर संसार उभा राहिला, असं तिचं मत. देवावर तिची श्रद्धा होती, आणि तीही तिच्यासारखीच, पदर खोचलेली. प्रार्थना ती भांडारातून माल मागवावा तशी करी. काय हवं, किती हवं आणि कधीपर्यंत हवं. शेवटी आभार आगाऊच मानून ठेवी, म्हणजे पुन्हा यायला नको.

नवरा न्हावी. चौकात त्याचं तीन खुर्च्यांचं दुकान होतं आणि अख्खा मोहल्ला त्याला उस्ताद म्हणे. वस्तऱ्याला धार होती, पण लोक यायचे ते त्याच्या बोलण्यासाठी. तो गोष्ट सांगायला लागला की दाढी झालेली माणसंही बाकावर बसून राहत. दर दोन वाक्यांमागे त्याचं एक "बरं का" ठरलेलं. आणि दर नाताळच्या सकाळी चर्चमध्ये तारणाऱ्याच्या जन्माचा शास्त्रपाठ तोच वाचायचा. एकोणीस वर्षं. पाळकसाहेब म्हणायचे, शुद्ध वाचणारे मंडळीत पुष्कळ आहेत, पण उस्तादाने वाचलं की वाटतं, ही गोष्ट काल संध्याकाळी आपल्याच गल्लीत घडली.

घरात मात्र त्याची एकही गोष्ट धड शेवटाला जायची नाही, कारण शेवट ही सांगून मोकळी व्हायची. तो वैतागे. "अगं, गोष्ट माझी आहे." ती म्हणे, "मग लवकर संपवा की." एकतीस वर्षं ह्याच एका भांडणावर सुखाने चालली होती.

ऑक्टोबरच्या अखेरीला एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवता फिरवता उस्तादाचा उजवा हात खाली पडला. वस्तरा फरशीवर वाजला. तो काहीतरी विनोद सांगत होता. तोंडातून पुढचं जे आलं त्यात शब्द नव्हते. त्या गिऱ्हाइकाने तसंच त्याला गाडीत घातलं आणि रुग्णालयात आणलं. निरोप मिळाल्यावर घाईबाई तळघरातून धावत वर गेली, तेव्हा तिला पहिला दिसला तो हा माणूस. एक गाल साफ, दुसऱ्यावर साबण वाळलेला, गळ्यात दुकानाचा टॉवेल. तो तिच्याबरोबर दुपारपर्यंत बाकावर बसून होता. गाल पुसायचं त्याला सुचलं नाही आणि तिलाही दिसलं नाही.

जीव वाचला. पाय हळूहळू उचलू लागला. उजवा हात लुळाच राहिला. आणि बोलणं गेलं. त्याला सगळं कळत होतं. कोण आलं, कोण गेलं, आज वार कुठला, डॉक्टर काय लपवतायत, सगळं. पण तोंड उघडलं की एकच बाहेर यायचं. "बरं का." पाणी हवं, तरी "बरं का". पाठ दुखते, तरी "बरं का". लेक दूरच्या गावाहून फोन करून रडत होती, तिलाही "बरं का". तिसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं.

बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी येऊ लागली. घाईबाई तिला वाचाताई म्हणू लागली. ती चित्रं दाखवायची: कप, किल्ली, खुर्ची. उस्ताद कपाकडे बघून घामाघूम व्हायचा आणि बाजूच्या स्टुलावरून घाईबाई म्हणायची, "कप. कप म्हणा." वाचाताईने पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती समजावून म्हणाली, की शब्द पुरवू नका; ते शोधताहेत, शोधू द्या; मनात दहापर्यंत मोजा. घाईबाईने मान हलवली आणि चारपर्यंत मोजून म्हणाली, "किल्ली."

नोव्हेंबर सरता सरता तो घरी आला. आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला. नाताळच्या आधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त. ती त्याला धरून धरून चर्चमध्ये घेऊन गेली. शेवटच्या बाकावर बसू या, असं त्याने खुणेने सांगितलं. तिने त्याला नेहमीच्या, पुढून दुसऱ्या बाकावर नेलं. पहिली मेणबत्ती लागली. आणि सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणू लागली, तेव्हा तिच्या शेजारून एक आवाज आला. जड, घसरता, पण शब्दांचा. उस्ताद प्रार्थना म्हणत होता. सगळी. पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत.

प्रार्थना संपल्यावर तिने त्याच्याकडे वळून विचारलं, की तुम्ही बोललात, कळलं का तुम्हाला? तो रडत होता. म्हणाला, "बरं का."

तिला दुसऱ्या खुणेची गरज नव्हती. उपासना संपताच ती पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, नाताळचा पाठ दरवर्षीप्रमाणे हेच वाचणार, नाव लिहून ठेवा. पाळकसाहेब साठी ओलांडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "त्यांना विचारलंत का, की..." आणि ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात? देवाने दाखवलं ना सगळ्यांना." पाळकसाहेबांनी नाव लिहिलं.

वाचाताईला हे कळलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. तिने सरळ सांगितलं. पाठ असलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. प्रार्थना, गाणी, आकडे, शिव्यासुद्धा. वाचणं आणि मनातलं बोलणं ही दुसरी वाट. ती बुजली आहे. पुन्हा पाडायला वर्ष लागेल, कदाचित जास्त. चार आठवड्यांत पानभर वाचायचं म्हणजे लंगड्या माणसाला डोंगर दाखवण्यासारखं आहे.

घाईबाईने ऐकून घेतलं, तेही शेवटपर्यंत, कारण तिला उत्तर पक्कं द्यायचं होतं. "ताई, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. माझा विश्वास माझ्यापाशी. ज्याने प्रार्थना परत दिली, तो पाठही देईल."

आणि ती कामाला लागली. पाठाचं पान तिने मोठ्या अक्षरात लिहून काढलं आणि घरभर चिकटवलं. एक तुकडा दाढीच्या आरशाशेजारी, एक जेवायच्या टेबलासमोर, एक खिडकीच्या काचेवर. सकाळी कामाला जाण्याआधी अर्धा तास, आल्यावर एक तास. तो काठीवर रेलून उभा राही, ती शेजारी. तो पहिल्या अक्षराशी झटे. तोंड वेडंवाकडं होई. ती पहिलं अक्षर सांगे, मग दुसरं, मग अख्खा शब्द, मग पुढचे दोन. दहा दिवसांत असं झालं की ती वाचत होती आणि तो तिच्या मागून गुणगुणल्यासारखा आवाज काढत होता. तिला वाटलं, गाडी रुळावर येतेय. धुलाईघरात तिने सगळ्यांना सांगून टाकलं, की नाताळला या, उस्ताद वाचणार आहेत. इस्त्रीच्या रुळावर काम करणारी मावशी, जी वयाने सगळ्यांत मोठी आणि बोलण्यात सगळ्यांत काटकसरी होती, तिने विचारलं, "ते म्हणाले वाचतो म्हणून?"

"ते कसे म्हणतील? त्यांना बोलता येत नाही."

मावशीने चादरीची दुसरी कड हातात घेतली आणि चादर रुळात सरकवली.

तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर नाताळची तालीम होती. लेक रजा काढून आदल्याच दिवशी आली होती. मुलं देवदूतांचे पंख घेऊन धावत होती, गायकवृंद आपली पानं लावत होता. पाळकसाहेबांनी उस्तादाला वाचनपीठापाशी नेलं आणि ते बाजूला झाले. घाईबाई पहिल्या बाकावर, बरोबर समोर बसली.

तो पानाकडे बघत राहिला. तिने पहिला शब्द सांगितला. तो म्हणाला, "बरं का." तिने पुन्हा सांगितला, जरा मोठ्याने. त्याने अर्धा शब्द काढला. तिने पुढचा सांगितला, त्याच्यापुढचा सांगितला. तो चाचरला, तिने सगळी ओळच सांगितली. चर्चमध्ये आता एकच आवाज घुमत होता, आणि तो तिचा होता. मुलं धावायची थांबली. दोन लहान मुली हसल्या. वाईट मनाने नव्हे, मुलं हसतात तशा. गायकांतल्या कुणीतरी हळूच म्हटलं, की पुढच्या वर्षी बघू या ना, घाई काय आहे.

उस्तादाने पुस्तक मिटलं. काठी घेतली. तो पायऱ्या उतरला, मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेला आणि थंडीत, कुणाचा हात न धरता, एकटा घरी निघाला. लेक त्याच्या मागे काही अंतर ठेवून चालत राहिली. घाईबाई धावत पुढे जाऊन त्याचा दंड धरू लागली, तेव्हा त्याने तो सोडवून घेतला. एकतीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

घरी पोचल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे डाव्या हाताने भिंतीवरचे सगळे कागद ओढून काढले. खिडकीच्या काचेवरचा निघेना, तर नखांनी खरवडला. मग तो भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडला.

स्वयंपाकघरात लेक आईला म्हणाली, "आई, लोक तोंडातला घास काढतात. तू बाबांच्या तोंडातला शब्द काढतेस."

घाईबाईच्या ते वर्मी लागलं. तिने भांडी आदळली, लेकीला सुनावलं, की तू काल आलीस, मी दोन महिने रात्रंदिवस खपतेय. लेकीने भांडी उचलून जागेवर ठेवली. पण शब्द एकदा कानात शिरला तो शिरलाच.

दोन दिवस उस्ताद बोलला नाही. "बरं का" सुद्धा नाही. त्या दोन शब्दांना ती किती कंटाळली होती, आणि आता त्यांच्यासाठीच तिचे कान आसुसले होते.

मंगळवारी दुपारी ती धुलाईघरात मळक्या कपड्यांच्या गाडीपाशी उभी होती. रक्ताचे डाग असलेल्या चादरी वेगळ्या काढायच्या, त्या गार पाण्यात आधी भिजवायच्या, हे काम ती झोपेतही करू शकली असती. हात काम करत होते आणि मनात ती देवाशी भांडत होती. ती म्हणत होती, मी विश्वास ठेवला ना? सगळ्यांसमोर ठेवला. मग तू असं का केलंस? तू म्हणालास प्रार्थना देतो, मग म्हणालास पाठ देतो, मग म्हणालास नाताळला...

आणि तिथे तिचा हात थांबला.

तो काही म्हणाला नव्हता. त्याने एक प्रार्थना दिली होती, बस. पाठाचं, नाताळचं, सगळ्या मंडळीसमोर वाचण्याचं, ते सगळं तिनेच पुढे जोडलं होतं. माणसांची वाक्यं पूर्ण करता करता ती देवाचंही वाक्य पूर्ण करत बसली होती, आणि त्यालाच विश्वास म्हणत होती. चाळीस चादरी वर पाठवून दिल्या होत्या, आणि माणूस लिफ्टमध्येच होता.

ती कपड्यांच्या गाडीच्या काठावर बसली. मावशीने रूळ सोडून येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, "मावशी, गप्प बसून विश्वास ठेवता येतो का हो?"

मावशी विचार करून म्हणाली, "मला तर बोलून कधीच जमला नाही."

त्या संध्याकाळी ती सरळ पाळकसाहेबांकडे गेली आणि नाव काढायला सांगितलं. ह्यावेळी पाळकसाहेबांनी वाक्य सुरू केल्यावर ती थांबली. त्यांना बराच वेळ लागला. ते म्हणाले, नाव मी काढणार नाही. ते तुम्ही दिलं होतं. काढायचं की ठेवायचं ते उस्तादांनी सांगू दे. चर्चला घाई नाही.

घरी येऊन ती उस्तादाच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती ओबडधोबड झाली. ती म्हणाली, "मी तुम्हाला न विचारता नाव दिलं. चुकलं माझं. आता तुम्ही नको म्हणालात तर नको. मी कुणाला तोंड दाखवायला घाबरत नाही. पाळकसाहेबांना उद्या सांगते की..."

त्याने डावा हात उशीवर आपटला. तिने तोंड मिटलं. तो उठून बसला. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. ती मोजू लागली. दहा झाले. वीस झाले. दारात लेक उभी होती, तिने आईकडे बघून नुसतं बोट ओठांवर ठेवलं. एकतीस, बत्तीस.

"नाही," उस्ताद म्हणाला.

दोन महिन्यांतला पहिला नवा शब्द. तिने विचारलं, "नाही म्हणजे वाचायचं नाही?" त्याने जोरात मान हलवली. "नाही. नाही." मग त्याने खुणेने पुस्तक मागितलं. पान उघडलं आणि सगळ्या पाठावर हाताने फुली मारल्यासारखं केलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. एवढीच. मेंढपाळ घाईघाईने गेले आणि त्यांना ते बाळ गव्हाणीत सापडलं, असं सांगणारी ती ओळ. लेकीने वाचून बघितली आणि म्हणाली, की एवढीच वाचायचीय बाबा? त्याने होकार दिला. मग "घाईघाईने" ह्या शब्दावर बोट टेकवून त्याने बायकोकडे बोट दाखवलं, आणि त्याचं तोंड एका बाजूने वर गेलं. तो हसत होता. रुग्णालयातलं तिचं टोपणनाव त्याला ठाऊक होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

राहिलेल्या दिवसांत तिला तालमीला बंदी होती. त्याने दार लावून घेतलं होतं आणि आत फक्त वाचाताईला प्रवेश होता. वाचाताई म्हणाली, एक ओळ, त्यांची त्यांनी निवडलेली. हे मला पटतं, पण खात्री मी देणार नाही. सकाळी तो दुकानात जाऊन बसे. त्याचा भागीदार दाढ्या करी आणि तो रिकाम्या खुर्चीसमोरच्या आरशात बघून ओठ हलवत राही. गिऱ्हाइकं आता गोष्टी ऐकायला नव्हे, गप्प बसायला येत. घाईबाई कामावर जाताना दुकानासमोरच्या फुटपाथवरून जाई आणि आत बघत नसे. जड गेलं तिला. संध्याकाळी घरी बंद दारामागून तोच अडखळणारा आवाज येई, तिला तो शब्द माहीत असे, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडी. तिच्या प्रार्थनाही आखूड झाल्या. काय हवं, किती हवं, कधीपर्यंत हवं, ह्यातलं काहीच सांगायचं नाही म्हटल्यावर उरायचं ते एवढंच: "तू आहेस ना. बस." पण ते ती दात आवळून म्हणायची, ओझं उचलणारा माणूस म्हणतो तसं.

नाताळची सकाळ. चर्च भरलं होतं. धुलाईघरातल्या सात जणी आल्या होत्या. मागच्या बाकावर ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही होतं. चारही मेणबत्त्या पेटल्या होत्या आणि मधली पांढरी, नाताळची, तीही. घाईबाई ह्या वेळी समोर बसली नाही. भिंतीकडच्या बाकावर बसली, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसायला नको.

पाळकसाहेबांनी पाठ वाचायला घेतला. त्या ओळीच्या आधी ते थांबले आणि एक पाऊल मागे सरकले. उस्ताद काठी टेकवत पुढे झाला. कोट घातलेला, दाढी गुळगुळीत केलेली. ती भागीदाराने केली होती, आणि अर्ध्या वेळेला उस्तादानेच डाव्या हाताने त्याचा हात धरून वस्तऱ्याचा कोन दुरुस्त केला होता.

"मेंढपाळ," तो म्हणाला.

सगळ्यांना ऐकू आलं. आणि मग काही नाही.

लोक वाट बघत राहिले. कुणीतरी खोकलं. मागे एक तान्हं रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. घाईबाईच्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन उभा होता, तिचाच शब्द, तिच्याच नावाचा. तिने ओठ आतून चावले. नुसता ओठांचा आकार केला असता तरी त्याने टिपला असता. तिने मान खाली घातली आणि हात मांड्यांखाली दाबून धरले. दहा झाले, तीस झाले. नंतर तिने मोजणं सोडून दिलं. तिला वाटलं, हा शब्द आलाच नाही तर? हा माणूस इथेच, सगळ्यांसमोर, असाच उभा राहिला तर? आणि तिने आपल्या मनाला उत्तर दिलं, की मग मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहीन, आणि तरीही शब्द सांगणार नाही.

"बरं का," उस्ताद म्हणाला. लोकांत हलकीशी खसखस पिकली. तोही थोडा हसला, आणि त्या हसण्यात त्याचा गळा मोकळा झाला असावा. "घाई... घाईघाईने. गेले."

त्याने श्वास घेतला. "आणि. त्यांना. बाळ." मग तो जोरात म्हणाला, "खुर्चीत."

त्याने लगेच मान हलवली. "नाही." तीस वर्षं ज्या खुर्चीभोवती उभं राहून काढली, तिचाच शब्द आधी धावून आला होता. त्याने पानावर डावं बोट ठेवलं आणि त्या शब्दाकडे, वस्तऱ्याची धार बघावी तसा, वाकून बघितलं. पाळकसाहेब त्याच्या मागे हात बांधून उभे होते.

"ग," उस्ताद म्हणाला. "गव्हा. गव्हाणीत. सापडलं."

आणि मग पुस्तकावरचं बोट उचलून, मंडळीकडे बघून, जसा दुकानात बघायचा तसा: "बरं का."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती जागा टाळ्यांची नव्हती. पाळकसाहेबांनी पुढचं वाचून पाठ संपवला. उस्ताद जागेवर जायच्या ऐवजी भिंतीकडच्या बाकापाशी आला आणि तिच्या शेजारी धप्पकन बसला. त्याचा सदरा घामाने भिजला होता. घाईबाईचा खालचा ओठ फुटून रक्त आलं होतं. त्याने खिशातून रुमाल काढून तिला दिला, आणि तिने तो घेतला.

पुढे काय झालं ते सांगायचं तर चमत्कार काही झाला नाही. उजव्या हातात वस्तरा परत आला नाही. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हात असाच राहणार. बोलणं वाढेल, पण पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही. घाईबाईने ते ऐकून घेतलं, मान डोलवली आणि उस्तादाला घेऊन बाहेर आली. जिन्यात लेकीला फोनवर तिने एवढंच सांगितलं, की डॉक्टरांनी त्यांना माहीत आहे ते सांगितलं, पुढचं त्यांनाही माहीत नाही, आपण चालत राहायचं. वाचाताई आठवड्यातून दोनदा येतच राहिली. शब्दांची यादी लेकीने एका वहीत लिहायला घेतली होती. शंभर झाले तेव्हा उस्तादाने वही मागून घेतली, दोन शब्द खोडले आणि खुणेने सांगितलं, की हे अजून पक्के नाहीत. दुकानात तो डाव्या हाताने साबणाचा फेस करी. फेस उस्तादाचा, दाढी भागीदाराची, अशी वाटणी लोकांनी मान्य करून टाकली.

मार्च महिन्यात एकदा दुपारी धुलाईघरातला फोन वाजला. मावशीने तो घेतला, ऐकलं, आणि हात वर करून घाईबाईला बोलावलं. तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. घाईबाईने ओळखला. आजारपणानंतर उस्तादाने स्वतः फोन लावायची ही पहिली वेळ होती. पडला असेल, हात भाजला असेल, शेजारच्यांना बोलवायचं असेल, एका क्षणात तिच्या मनात दहा वाक्यं तयार झाली. ती त्यातलं एकही बोलली नाही. तिने हाताने खूण केली आणि एकेक करून बायकांनी ड्रम बंद केले. मग सुकवणीची यंत्रं. मग रूळ. बावीस वर्षांत भर कामाच्या वेळी ती जागा इतकी शांत कधी झाली नव्हती. अकरा बायका हातातली ओली कापडं धरून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता.

"ऐकतेय," ती म्हणाली. "सावकाश."

चार मिनिटं गेली असतील.

"येताना," उस्ताद म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "मीठ."

"मीठ," ती म्हणाली. "आणते."

तिने फोन ठेवला, बायकांकडे बघितलं आणि म्हणाली, की घरातलं मीठ संपलंय. कुणी हसलं नाही; मावशीने डोळ्यांना पदर लावला आणि रुळाची कळ दाबली. ड्रम पुन्हा घरघरू लागले. संध्याकाळी घाईबाईने वाटेत मीठ घेतलं, आणि बऱ्याच दिवसांनी, रमतगमत, लांबच्या रस्त्याने घरी गेली.